वल्द नामालूम

गेली दोन-अडीच वर्षं आमच्या ओसरीवर माणसं कागद घेऊन येतात. अब्बा जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेतून निवृत्त झाले, त्याला वीस वर्षं होत आली. आपल्या उर्दूची आता कुणाला गरज पडेल असं त्यांनाही वाटलं नव्हतं. पण २०२३ च्या सप्टेंबरात कुणबी नोंदी तपासण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातल्या पेट्या, फडताळं, माळे एकदम उघडले. निजामाच्या काळातले बरेच कागद उर्दूत, जुने मोडीत. दोन्ही वाचणारे गावोगाव एखाद-दुसरेच उरलेले. मग पूर्णा, मानवत, सेलू, जिंतूरकडून माणसं प्लास्टिकच्या पिशवीत झेरॉक्स घालून परभणीला येऊ लागली. २ सप्टेंबर २०२५ ला हैदराबाद गॅझेटचा शासन निर्णय निघाल्यावर तर आठवडाभर आमच्याकडे चहाचं पातेलं गॅसवरून उतरलं नाही.

अब्बा भिंग घेऊन बसतात. समोरच्याचा जीव टांगणीला लागलेला असतो. घाईत लिहिलेल्या, नुक्ते गाळलेल्या एका शब्दावर त्याच्या मुलाचं ॲडमिशन, नोकरी, सगळं अवलंबून. 'कुनबी' सापडलं की म्हातारा शेतकरी अब्बांचे दोन्ही हात धरतो. नाही सापडलं की म्हणतो, "मास्तर, आणखी एकदा बघा ना." अब्बा आणखी एकदा बघतात. पण कागदावर नसलेलं ते वाचत नाहीत. यावरून एक-दोघं रागावूनही गेले.

मी शेजारी बसून हे बघत आलो आहे. आपला पूर्वज नेमका कोण होता, हा प्रश्न एरवी लग्नाच्या वेळी किंवा वाटणीच्या वेळी निघतो. या दोन वर्षांत तो मराठवाड्यातल्या घराघरांत एकदमच निघाला. शेवटी आमच्याही घरात शिरला.

निमित्तं दोन झाली. थोरल्या भावाच्या मुलाची जात पडताळणी आणि चाचांच्या नातीचं लग्न. आम्ही पिंजारी. कापूस पिंजून गाद्या-रजया भरणारे. ओबीसींच्या यादीत पिंजारी, नदाफ, मन्सुरी अशी नावं आहेत आणि दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. तो दादांच्या शाळेच्या निर्गम उताऱ्यात मिळाला. 'मुसलमान पिंजारी'. काम झालं. त्याच आठवड्यात चाचा नातीच्या पत्रिकेचा मजकूर घेऊन आले. त्यात आमच्या आडनावापुढे 'सिद्दीकी' होतं.

चाचांकडे एक शजरा आहे. शजरा म्हणजे वंशवृक्ष. पन्नासेक वर्षांपूर्वी कुणीतरी हैदराबादहून हौसेनं करवून आणलेला. जाड कागद, हिरवी शाई, वर बिस्मिल्ला. त्यानुसार आमचं घराणं थेट हजरत अबू बकर सिद्दीक यांच्यापर्यंत पोचतं आणि आमचा एक पूर्वज औरंगजेबाच्या फौजेबरोबर दख्खनमध्ये उतरतो. मधल्या पिढ्यांची नावं सलग आहेत. फक्त माझ्या परदादांच्या वरच्या दोन नावांशी शाई जरा निराळी दिसते. लहानपणी मला वाटायचं, पाणी सांडलं असेल.

तर तहसीलचं तेच दाखल्याचं काम, तीच लग्नाची पत्रिका. कागदावर पिंजारी, पत्रिकेवर सिद्दीकी. यात आमचं घर काही जगावेगळं नाही. मराठवाड्यातली कितीतरी मुस्लिम घरं अशी दोन नावांनी जगतात, आणि आमच्या हिंदू शेजाऱ्यांनाही हा प्रकार अनोळखी नाही.

पडताळणीसाठी अब्बांनी आमची स्वतःची पेटी उघडली होती. तिच्यात शाळेच्या उताऱ्याखाली एक बैनामा निघाला. घराच्या जागेचा खरेदीखताचा कागद. साल १३५० फसली, म्हणजे १९४०-४१. अब्बांनी भिंग लावलं, वाचलं, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. घेणाराच्या जागी परदादांचं नाव होतं. त्यांचं नाव मी इथे देत नाही, घरच्यांची तशी अट आहे. नावापुढे वडिलांचं नाव असतं तिथे लिहिलं होतं, 'वल्द नामालूम'. अमक्याचा मुलगा, तो अमका ठाऊक नाही. त्यापुढे 'परवर्दा' असा शब्द आणि एका पिंजाऱ्याचं नाव. परवर्दा म्हणजे वाढवलेला, पोसलेला.

चाचांनी कागद हातात घेतला नाही. म्हणाले, "भाईजान, ये कागज पेटी में ही रहने दो."

नंतर फुप्पीला विचारलं. ती शांतपणे म्हणाली, "अम्मा बोलती थी. तुम लोगां कभी पूछेच नहीं." तिच्या सांगण्याप्रमाणे मोठ्या दुष्काळात एका पिंजाऱ्याच्या दारात तीन-चार वर्षांचं पोर सापडलं. कुणी सोडलं ते कळलं नाही. पोराला स्वतःचं नाव सांगता येत होतं, पण ते नाव काय होतं ते फुप्पीला माहीत नाही. पिंजाऱ्यानं त्याला धनुकली धरायला शिकवलं. ते आमचे परदादा. वयाचा हिशेब लावला तर हा १८९९-१९०० चा दुष्काळ ठरतो. त्या दुष्काळानं निजामाच्या राज्यातला मराठवाडाही होरपळला होता. त्या काळात अशी पोरं रस्तोरस्ती होती. पंडिता रमाबाईंनी त्याच सुमारास दुष्काळी मुलखातल्या शेकडो मुली केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आणून सांभाळल्या. त्या मुलींचे वंशज आज महाराष्ट्रभर असतील. आपली पणजी कुणाची लेक, हे त्यांच्यातल्या किती जणांना सांगता येईल?

म्हणजे माझा परदादा मुसलमानाचा होता, मराठ्याचा, महाराचा, वंजाऱ्याचा की आणखी कुणाचा, हे कळायला मार्ग नाही. शजऱ्यातल्या त्या निराळ्या शाईचा अर्थ मात्र कळला. दोन पिढ्यांचं भगदाड होतं. कुणीतरी त्यात अरबस्तान बसवला.

तेव्हापासून मी या भगदाडांचाच विचार करतो आहे. एक गोष्ट वारंवार दिसली. पूर्वजाचा बाप ठाऊक नसला की त्या रिकाम्या जागी सहसा मोठाच माणूस बसवला जातो. राजा, सरदार, पीर, फार तर पंडित. त्या जागी कधी कुणी हमाल बसवत नाही.

याचा सर्वांत मोठा दाखला आमच्याच जिल्ह्यात, पाथरीत आहे. अहमदनगरच्या निजामशाहीचं मूळ पाथरीचं. फरिश्ता या इतिहासकाराच्या सांगण्यानुसार निजामशाहीचे पूर्वज पाथरीचे ब्राह्मण, कुलकर्णी. काही कारणानं ते विजयनगरच्या मुलखात गेले. तिथे बहमनी सुलतान अहमदशहाच्या फौजेनं या घराण्यातला एक मुलगा पकडला. त्याचं नाव तिमाप्पा किंवा तिमाभट, बापाचं नाव भैरव. मुलाला मुसलमान करून हसन नाव दिलं, सुलतानाच्या गुलामांत घातलं. पोरगा हुशार म्हणून शहजाद्याबरोबर फारसी शिकायला बसवला. पुढे हाच मलिक हसन निजाम-उल-मुल्क बहरी झाला आणि १४८१ मध्ये महमूद गवानच्या हत्येनंतर बहमनी राज्याचा कारभार त्याच्या हाती आला. त्याचा मुलगा अहमद यानं १४९० मध्ये स्वतंत्र राज्य उभं केलं आणि अहमदनगर वसवलं.

यातला 'बहरी' हा शब्द पाहा. एक सांगणं असं की शहजाद्याला 'भैरव' म्हणता येईना, म्हणून बहरी. दुसरं असं की हसनकडे सुलतानाच्या शिकारी ससाण्यांची देखभाल होती, आणि ससाण्याला फारसीत बहरी म्हणतात. एकाच नावात एकाला ब्राह्मण बाप दिसतो, दुसऱ्याला पक्षी.

पण गंमत पुढे आहे. निजामशाहीच्या दरबारात बसून सय्यद अली तबातबा यानं 'बुर्हान-ए-मआसिर' लिहिला, सोळाव्या शतकाच्या शेवटी. त्यात अहमद हा हसनचा मुलगाच नाही. तो बहमनी सुलतानाचाच मुलगा, हसनकडे वाढायला ठेवलेला. म्हणजे गुलाम झालेला पाथरीचा पोरगा नुसता सांभाळणारा ठरला आणि राजाला राजाचा बाप मिळाला. फरिश्त्याला ब्राह्मण मूळ सांगायला अडचण नव्हती. त्यानं आपला ग्रंथ पुरा केला तो विजापूरच्या आदिलशाहीच्या आश्रयाने, आणि शेजारच्या घराण्याचं मूळ सांगताना हात आखडायचं कारण नसतं. मात्र आपल्या धन्याच्या घराण्याकडे वळल्यावर याच फरिश्त्यानं काय लिहिलं? आदिलशाहीचा मूळपुरुष यूसुफ हा तुर्कस्तानच्या उस्मानी सुलतानाचा मुलगा. गादीसाठी भावांना मारायची तिथली चाल. त्याच्या आईनं त्याच्यासारखाच दिसणारा एक गुलाम मुलगा मारेकऱ्यांच्या हवाली केला आणि यूसुफला व्यापाऱ्याबरोबर इराणला धाडलं. चारशेहून अधिक वर्षं ही गोष्ट सांगितली जाते आहे. यूसुफच्या जागी मारल्या गेलेल्या त्या पोराचा बाप कोण, हे एकदाही कुणी विचारलेलं मी वाचलं नाही.

निजामशाहीनं आपलं पाथरीचं मूळ लपवलं, असंही नाही. पाथरी तेव्हा वऱ्हाडच्या इमादशाहीकडे होती. बुर्हाण निजामशहानं ती मागितली, बदल्यात दुसरा परगणा देऊ केला. कारण एकच, आमच्या पूर्वजांचं वतन तिथे आहे. इमादशहानं नकार दिला. १५१८ मध्ये निजामशाही फौजेनं पाथरी घेतली. पुढे ती गेली, पुन्हा घेतली, किल्ला पाडला आणि गाव आपल्या ब्राह्मण भाऊबंदांना इनाम दिलं. आणखी एक. वऱ्हाडच्या इमादशाहीचा संस्थापक फतहुल्ला हाही विजयनगरच्या मुलखातून पकडून आणलेला ब्राह्मण मुलगाच होता. म्हणजे पळवून आणलेल्या दोन ब्राह्मण पोरांची मुसलमान मुलं-नातवंडं पाथरीच्या कुलकर्णी वतनासाठी एकमेकांशी लढत होती. 'मुसलमान बाहेरून आले' म्हणणाऱ्यांना आणि 'आम्ही बाहेरूनच आलो' म्हणून मिरवणाऱ्यांना, दोघांनाही मी ही गोष्ट सांगतो. दोघांनाही ती फारशी आवडत नाही.

कुणी म्हणेल, ही राजेलोकांची जुनी चाल झाली. पण समुद्रापलीकडेही तेच आहे. कॅरिबियन बेटांवर इंग्रज, फ्रेंच मळेवाले ऊस लावत होते आणि तो आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांकडून करून घेत होते. मळेवाल्यांना गुलाम बायकांपासून मुलं होत. १८१७ च्या पुढे तिथे गुलामांच्या नोंदवह्या ठेवल्या जाऊ लागल्या. नाव, वय, रंग लिहायचं. बाप लिहायची गरज नव्हती. कारण मूल आईच्या मालकाचं, बाप कुणी का असेना. १८३४ मध्ये गुलामगिरी संपवली तेव्हा ब्रिटिश सरकारनं दोन कोटी पौंडांची भरपाई दिली, ती गुलामांना नाही, मालकांना. त्या भरपाईच्या कागदांवरून लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजनं मालकांची सूची तयार केली आहे आणि आज बेटांवरच्या कुटुंबांना आपला मूळपुरुष शोधायचा तर बऱ्याचदा तिथूनच सुरुवात करावी लागते. मळेवाल्याचं नाव, पत्ता, किती पौंड मिळाले, सगळं मिळतं. आजीची आई मिळत नाही. तिथल्या समाजात जितकं गोरं रक्त तितकी इज्जत, त्यामुळे काळी आजी विसरायची आणि गोरा आजोबा मिरवायचा, हे तिकडचं 'सिद्दीकी'पण.

त्यातल्याच नेव्हिस बेटावर जन्मलेला अलेक्झांडर हॅमिल्टन पुढे अमेरिकेच्या संस्थापकांपैकी एक झाला. दहा डॉलरच्या नोटेवर त्याचं चित्र आहे. त्याची आई मळेवाल्याची मुलगी, पहिल्या नवऱ्यापासून निघून आलेली. बाप स्कॉटलंडच्या जमीनदार घराण्यातला धाकटा मुलगा, असं तो सांगे. काही चरित्रकारांना खरा बाप एक व्यापारी वाटतो. जन्मसालही १७५५ की १७५७, यावर वाद आहे. त्याच्या शत्रूंनी आयुष्यभर त्याला अनौरस म्हणून डिवचलं.

नेव्हिसच्या शेजारचं बेट सेंट किट्स. तिथून एक धागा थेट आपल्याकडे येतो. विल्यम पामर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं सेंट किट्सवर सारा हेझल या तिथल्याच बाईशी लग्न केलं. मग तो कंपनीच्या फौजेत हिंदुस्थानात आला, ती मागे राहिली. लखनौमध्ये त्यानं फैज बख्श या मुसलमान बाईबरोबर संसार मांडला. १७९८ ते १८०१ तो पुण्यात दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारी रेसिडेंट होता. फैज बख्शपासून झालेला त्याचा मुलगा, तोही विल्यम पामर, हैदराबादेत राहिला. त्याची पेढी निजाम सरकारला कर्ज द्यायची. वऱ्हाड आणि औरंगाबादकडच्या फौजेचा खर्च त्या कर्जातून चाले. फेड अर्थात मुलखाच्या वसुलीतून, म्हणजे आपल्यासारख्यांच्या शेतसाऱ्यातून. १८२० नंतरच्या काही वर्षांत ती पेढी बुडाली. पामर मात्र १८६७ पर्यंत हैदराबादेतच होता.

या पामरच्या आईचा बाप कोण? कुणी लिहिलं, ती दिल्लीच्या शाही घराण्यातली. कुणी म्हटलं, अवधच्या. कागद बघणारे सांगतात की बाप इराणहून आलेला घोडदळातला एक अधिकारी होता. बादशहा शाह आलमनं तिला 'साहिब बेगम' हा किताब दिला होता, एवढं धरून पुढच्यांनी तिला शहजादी करून टाकलं. इंग्रज घराण्याला मुसलमान आजी पत्करायची तर निदान ती राजघराण्यातली हवी. त्या सगळ्यांचं एक चित्र लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे, १७८५ च्या सुमाराचं. पामर, फैज बख्श, मांडीवर तान्हं मूल, आजूबाजूला दासी. त्या दासींची नावं कुणाला ठाऊक नाहीत.

पुन्हा पाथरीत येतो. २०२० च्या जानेवारीत तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी साईबाबांचं जन्मस्थान म्हणून पाथरीसाठी शंभर कोटींचा उल्लेख केला आणि शिर्डी बंद पडली. पाथरीच्या लोकांचं म्हणणं, बाबा इथल्या भुसारी घराण्यातले. शिर्डीचं म्हणणं, बाबांनी आपली जात-गोत सांगितली नाही, ती तुम्ही का चिकटवता? पाथरी आमच्या जिल्ह्यातली. तिथे रस्ते झाले, धंदा वाढला तर मला आनंदच आहे. पण या वादात शिर्डीकरांचा मुद्दा मला जास्त पटला. मशिदीत राहून तिला द्वारकामाई म्हणणाऱ्या माणसानं बापाचं नाव न सांगणं ही विसरभोळेपणाची गोष्ट नव्हती. विचारणाऱ्याला नाव नको असतं, नावातून जात हवी असते. हे त्यांनी ओळखलं असणार.

आता आपल्या घरात येऊ. आपल्याकडे शेख, सय्यद, मुघल, पठाण हे अश्रफ, आणि पिंजारी, मोमीन, बागवान, तांबोळी, अत्तार, कसाई हे त्यांच्या खालचे, अशी उतरंड आहे. मशिदीत नाही म्हणतात, पण रिश्त्याच्या वेळी हळूच विचारतात, "खानदान कौनसा?" या प्रश्नाच्या भीतीनं कितीतरी घरांनी अरबस्तानातला पूर्वज विकत आणला. चाचांनी नातीच्या पत्रिकेत 'सिद्दीकी' घातलं ते मिरवण्यासाठी नाही. त्या पोरीला सासरी कुणी 'पिंजाऱ्याची' म्हणून बोट दाखवू नये म्हणून. हे मला कळतं. म्हणून मी त्यांच्याशी वाद घातला तरी त्यांना खोटारडं म्हणणार नाही. लाज वाटायला लावणारे निराळे असतात, आणि खोटं लिहायची पाळी मात्र दुसऱ्यावर येते.

पण दीन काय सांगतो, हेही एकदा नीट आठवू या. सूरह अहजाबमध्ये याविषयी स्पष्ट हुकूम आहे. त्यामागे जैद बिन हारिसांची गोष्ट आहे. लहानपणी पळवून विकलेला मुलगा. हुजूरांनी त्याला मुक्त केलं, मुलगा मानलं, लोक त्याला जैद बिन मुहम्मद म्हणू लागले. मग आदेश आला की पाळलेल्या मुलांना त्यांच्या खऱ्या बापाच्याच नावानं हाका मारा. आणि लगेच पुढे, बाप माहीत नसतील तर ते तुमचे दीनी भाऊ आहेत. म्हणजे बाप ठाऊक नसण्याची शक्यता त्या आयतीनंच धरलेली आहे. अशा माणसाला तिनं समाजाबाहेर ठेवलं नाही, त्याच्यासाठी खोटा बाप शोधायलाही सांगितलं नाही. सूरह हुजुरात तर कौमी आणि कबिले एकमेकांची ओळख पटावी म्हणून आहेत असं सांगते. कोण मोठा, हे त्यावरून ठरवायचं नाही.

हे लक्षात आलं आणि तो बैनामा मला वेगळा दिसू लागला. १९४० मध्ये परदादा चाळीस-पंचेचाळीसचे असतील. स्वतःच्या कमाईनं जागा घेत होते. लिहिणाऱ्या मुन्शीनं विचारलं असेल, वल्द? वाढवणाऱ्या पिंजाऱ्याचं नाव सांगितलं असतं तर कुणी हरकत घेतली नसती. चाळीस वर्षं लोक त्यांना त्याचाच मुलगा समजत असतील. त्यांनी तसं केलं नाही. बाप ठाऊक नाही असं सांगितलं, आणि ज्यानं वाढवलं त्याचं नाव त्याच्या योग्य जागी घातलं. धनुकलीवर बोटं झिजवणारा, कदाचित सहीऐवजी अंगठा उठवणारा माणूस. त्यानं आयतीतला हुकूम कागदावर जसाच्या तसा पाळला. पुढे शिकलेल्या पिढीनं हैदराबादहून शाई आणली आणि ते खोडलं. आमच्या घराण्यातली सगळ्यात खरी ओळ आम्हीच पेटीत दडवली होती.

मला अशी भीतीही दाखवली गेली की हे लिहिलंस तर उद्या कुणीतरी म्हणेल, बघा, हे मूळचे आमचेच होते, परत या. म्हणू देत. परदादा कुणाच्याही पोटी जन्मले असतील. दुष्काळात ज्यांनी त्यांना सोडलं त्यांचाही काही इलाज नसेल, त्यांच्यासाठीही मी दुआ करतो. पण त्यांच्या तोंडात घास घातला तो एका पिंजाऱ्यानं. त्यांनी आपलं घर, दीन, धंदा तिथून घेतला. रक्ताचा दाखला मागणाऱ्या दोन्ही बाजूंना मी हा बैनामा दाखवीन. त्यात माझ्या पूर्वजाचा धर्म, जात, मुलूख यांपैकी जन्मानं आलेलं काहीही नाही. एका माणसानं दुसऱ्या माणसाला वाढवलं, एवढंच आहे.

आमच्याच जिल्ह्यातल्या गंगाखेडची जनाबाई लहानपणी आईबापांच्या घरातून दामाशेटींच्या घरी आली आणि तिथेच वाढली. शतकानुशतकं लोक तिला नामयाची दासी म्हणून ओळखतात, कारण ती स्वतःच तसं म्हणते. जिथे वाढली त्या घराचं नाव तिनं लावलं आणि त्यानं तिची मान खाली गेली नाही. परवर्दा शब्दाला मराठीत चांगला प्रतिशब्द मला अजून सापडलेला नाही, पण गोष्ट आपल्या मातीला नवी नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. कागद शोधा, जरूर शोधा. ज्यांचे हक्क त्या कागदांवर अवलंबून आहेत त्यांना तर पर्यायच नाही, आणि अब्बांचं भिंग सगळ्यांसाठी आहे. पण जिथे शाई संपते तिथे आपण आपली शाई ओतू नये. शजऱ्यात एक घर रिकामं असेल तर रिकामं ठेवावं. आणि नवा शजरा लिहायला बसाल तर बायकांची नावंही लिहा. आमच्या हिरव्या शाईच्या शजऱ्यात शेकडो नावं आहेत, त्यात एकही आई नाही. ज्या फुप्पीनं खरी गोष्ट सांभाळली, तिचंही नाव त्यात नाही.

अब्बांनी आता साध्या आखीव कागदावर नवा शजरा केला आहे. सर्वांत वर परदादांचं नाव, त्याच्यावर 'नामालूम' आणि बाजूला, बरोबरीच्या रेषेत, त्या पिंजाऱ्याचं नाव. मग खाली आम्ही सगळे, लेकी-सुनांसकट. पत्रिका मात्र 'सिद्दीकी' घालूनच छापली गेली. लग्न चांगलं झालं. चाचा त्यानंतर महिनाभर घरी आले नाहीत.

शब-ए-बरातच्या दोन दिवस आधी त्यांचा फोन आला. अब्बा नमाजला गेले होते, मी उचलला. इकडचं तिकडचं बोलून म्हणाले, "वो पिंजारे का नाम क्या लिखा है उसमें? बशीर है के नसीर?" मी म्हटलं, नुक्ता पुसट आहे, अब्बांनाही नक्की लागत नाही. थोडा वेळ ते गप्प राहिले. मग म्हणाले, "दिन में उजाले में फिर से देखने बोलो भाईजान को. फातेहा देना है तो नाम तो बराबर होना."